पाळलेल्या सापाला खायला कधी आणि कसं द्यावं

पावसाळा लागला की सापाविषयी येणारे प्रश्न बहुतेक एकाच सुरातले असतात. "तीन आठवडे झाले, काही खात नाही. मरेल का?" विचारणारा मुलगा कुडाळचा असो की चिपळूणचा, घरात बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) किंवा कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) असतो आणि काळजीने सगळं घर जागं असतं. त्याला मी आधी एकच विचारतो: पेटीत आत्ता तापमान किती आहे? निम्म्या वेळा उत्तर मिळत नाही. साप का खात नाही, याचं कारण मात्र बहुतेकदा तिथेच सापडतं.

निरोगी, मोठा झालेला बॉल पायथन काही महिने न खाताही ठीक राहू शकतो. त्याला खरा त्रास होतो तो चुकीच्या वेळी पोटात गेलेल्या अन्नाने. ही गोष्ट नीट कळली तर पुढचं बरंचसं आपोआप सुचतं, म्हणून आधी तीच समजावतो.

त्याआधी कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडचा कोणताही साप, धामण असो, दिवड असो किंवा अजगराचं पिल्लू, घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. तो विहिरीत पडला म्हणून बाहेर काढला आणि दोन दिवस खाऊ घालून सोडायचा विचार आहे, हेही करू नका. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. धरलेल्या रानटी सापाला खायला घालायचं नसतं, लवकरात लवकर त्याच्या जागी पोचवायचं असतं. इथून पुढे मी लिहितोय ते परदेशी, पैदास केंद्रात जन्मलेल्या पाळीव सापांबद्दल. त्यातही बॉल पायथन साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे असा प्राणी पाळणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर आधी ते मार्गी लावा.

आता पोटाकडे वळू. साप भक्ष्याचे तुकडे करत नाही, चावत नाही, अख्खं गिळतो. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी हाडाने जोडलेले नसतात, लवचीक पट्ट्यांनी बांधलेले असतात. त्यामुळे डावी बाजू पुढे, मग उजवी पुढे, असं करत तो तोंड भक्ष्यावर चढवत नेतो. जबडा निखळतो असं बरेच जण सांगतात, तसं काही होत नाही. पण गिळणं हा सगळ्यात सोपा भाग. हाडं, केस, दात, नखं यांसकट आत गेलेला अख्खा उंदीर पचवायचा, हे शरीरासाठी फार मोठं काम असतं. अजगरांवर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे की मोठं जेवण झाल्यावर बर्मीज पायथनच्या शरीरातली चयापचयाची गती कित्येक पटींनी वाढते, आतड्याचं अस्तर जाड होतं आणि दोन-तीन दिवसांत हृदयाचा आकार साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. पचन संपलं की सगळं पुन्हा मूळ मापावर येतं. म्हणजे साप जेवतो तेव्हा त्याचं सगळं शरीरच कामाला लागतं.

या कामाला ऊब लागते आणि ती सापाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. आपण थंडीत जेवलो तरी पोट ३७ अंशांवरच राहतं. सापाचं पोट मात्र भोवतालच्या हवेइतकंच गरम किंवा थंड असतं. चूल पेटलेली नसताना टोप चढवावा, तसं थंड सापाला उंदीर देणं आहे. भात शिजत नाही, नासतो. पोटातला उंदीर पचायच्या आत सडायला लागला की साप तो उलटून टाकतो. कधी तेही जमत नाही, आणि तेव्हा साप दगावू शकतो.

बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअसची उबदार जागा हवी आणि दुसरं टोक २५ ते २७ च्या आसपास. कॉर्न स्नेकला गरम टोक २९-३० अंशांचं पुरतं. आता आपल्या कोकणातल्या हवेकडे बघा. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर दिवसभर २८ च्या आगेमागे आणि रात्री २४-२५ असतं. माणसाला उकडतं, घामाने अंग चिकट होतं, त्यामुळे सापाला पुरेशी ऊब आहे असं आपल्याला वाटतं. पण उकाडा वाटतो तो दमटपणामुळे. सापाच्या पचनाला लागणारे ते तीस-बत्तीस अंश पावसाळ्यात घरात कुठेच नसतात. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यापासून आत, घाटाच्या पायथ्याच्या गावांत रात्री पारा आणखी उतरतो. म्हणून कोकणात साप पाळायचा तर हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) आणि तिच्यावर थर्मोस्टॅट (तापमान ठरल्यापेक्षा वर जाऊ न देणारं यंत्र), दोन्ही हवंच. थर्मोस्टॅट नसलेली मॅट सापाचं पोट भाजते आणि ते भाजलेलं कित्येक दिवस कळतही नाही. उलट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत पेटी ३५ च्या वर जाऊ शकते आणि ते जास्त धोक्याचं आहे. तेव्हा मॅट बंद ठेवा, पेटी जमिनीलगत, सावलीच्या भिंतीपाशी हलवा आणि जेवण संध्याकाळ उतरल्यावर द्या.

वीज हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक गावं आठवड्यांच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनारा झोडपला. एवढं मोठं संकट सोडा, पहिल्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडली तरी दीड-दोन दिवस वीज जाते. सापाला उंदीर दिला आणि त्याच रात्री वीज गेली, तर मॅट थंड पडते आणि पोटातलं जेवण अर्धवट राहतं. म्हणून माझा नियम असा, की हवामान खात्याने जोराच्या पावसाचा इशारा दिला असेल तर जेवण पुढे ढकलायचं. चार दिवस उशीर झाल्याने सापाचं काही बिघडत नाही. दिलेलं असेल आणि वीज गेलीच, तर गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि दर तासा-दोन तासांनी पाणी बदला. वीज बराच वेळ गेली तर फ्रीझरमधल्या उंदरांचंही बघावं लागतं. एकदा पूर्ण वितळलेले उंदीर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

तापमान ठीक आहे असं धरू. मग सापाची वेळ झाली हे कसं ओळखायचं? बॉल पायथनला भूक लागली की तो संध्याकाळनंतर लपण सोडून बाहेर येतो, किंवा लपणातूनच तोंड बाहेर काढून मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळवून थांबतो. जीभ सावकाश, लांब बाहेर येते. कॉर्न स्नेक पेटीभर फिरू लागतो. याउलट डोळे निळसर-दुधी दिसू लागले, कातडी निस्तेज झाली, पोट गुलाबीसर झालं, तर तो कातीवर आला आहे. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, तो बुजलेला असतो. अशा वेळी जेवण द्यायचं नाही. कात पूर्ण निघाली, शेपटीच्या टोकाची आणि डोळ्यांवरचीही निघाली, हे कात हातात घेऊन बघा आणि मग द्या. नवीन आणलेल्या सापालाही आठवडाभर तरी शांत राहू द्या. पहिल्याच रात्री "आवडतं का बघू" म्हणून उंदीर पुढे करण्याचा मोह आवरा.

किती दिवसांनी द्यायचं, याला वय बघावं लागतं. पिल्लांना पाच ते सात दिवसांनी एकदा. वर्षभराच्या पुढे दहा-बारा दिवसांनी. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला दोन आठवड्यांनी पुरतं, मोठ्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी. भक्ष्य किती मोठं असावं याचं साधं माप म्हणजे सापाच्या शरीराचा सगळ्यात जाड भाग. उंदराची जाडी तेवढी किंवा किंचित जास्त, यापलीकडे नको. वजनाने बघायचं तर पिल्लाला त्याच्या वजनाच्या दहा टक्के किंवा थोडं वर, मोठ्याला पाच टक्क्यांच्या आसपास. पाळीव साप उपासमारीने मरण्यापेक्षा लठ्ठ होण्याची शक्यता जास्त असते, हे लक्षात ठेवा. शेपटीच्या मुळाशी फुगीर गाठोडी दिसायला लागली, वळताना खवल्यांमधली कातडी ताणलेली दिसू लागली, की दोन जेवणांतलं अंतर वाढवा.

काय द्यायचं, यावर मात्र घराघरात वाद होतो. आजी म्हणते, "अरे, तेका वायच दूध तरी घाल." तिच्या मायेचा मान ठेवून सांगायचं, की आजी, साप दूध पचवू शकत नाही. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं ते अन्न. सापाच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं काही नसतं. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर ठेवलेलं दूध पितो, कारण त्याला पाणी हवं असतं, आणि नंतर त्याचं पोट बिघडतं. वाटी भरून ठेवायचीच असेल तर ती पाण्याची, रोज बदललेली.

दुकानातून आणलेले चिकनचे तुकडेही नकोत. सापाला कॅल्शियम मिळतं ते हाडांतून, जीवनसत्त्वं मिळतात ती यकृत आणि इतर अवयवांतून. नुसत्या मांसावर वाढवलेल्या सापाची हाडं कमकुवत होतात. घरात मासळी भरपूर असते म्हणून बांगड्याचा तुकडा देऊन बघणारेही आहेत. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक मासे खाणारे साप नव्हेत, आणि काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटकही असतो. यांचं अन्न म्हणजे अख्खा उंदीर. अंगावर केस न आलेल्या गुलाबी पिल्लापासून मोठ्या उंदरापर्यंत, सापाच्या आकाराप्रमाणे.

आणि तो उंदीर माळ्यावरचा, गोठ्यातला किंवा सापळ्यात अडकलेला नको. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण कोकणात हा मोह सगळ्यात मोठा आहे. उंदीर फुकट मिळतात, घरातले त्यांना वैतागलेले असतात. पण आपल्याकडे भाताच्या कणगीपाशी, नारळ-सुपारीच्या बागेत, शेताच्या बांधावर उंदरांचं औषध घातलेलं असतं. रंगीत वड्यांमध्ये बहुधा रक्त गोठू न देणारं विष असतं. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस जगतो आणि हळूहळू मंदावतो. म्हणजे जो उंदीर सहज हाती लागतो, तोच विष खाल्लेला असण्याची शक्यता जास्त. राखाडी-काळ्या भुकटीचं झिंक फॉस्फाइड खाल्लेला उंदीर तर पोटात विषारी वायू घेऊनच मेलेला असतो. साप तो गिळतो, विष सापात जातं. शिवाय रानटी उंदरांच्या अंगावर आणि पोटात परजीवी असतात. आणि तुमच्यासाठीही धोका आहेच. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण का सापडतात हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्याचे जंतू उंदरांच्या मुतातून पसरतात. शेजाऱ्याने आपल्या घरात औषध घातलंय की नाही हे तुम्हाला माहीत नसतं, आणि उंदीर तर दोन्ही घरांत फिरतो.

म्हणून पैदास केलेले, गोठवलेले पांढरे उंदीर. ते मुंबई-पुण्याकडून मागवावे लागतात. आपल्याकडे मासळी ज्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून जाते, तशाच पेटीत ते येतात. पेटी उघडल्याबरोबर हात लावून बघा. उंदीर दगडासारखे टणक असले पाहिजेत. एकमेकांना चिकटून, मऊ होऊन पुन्हा गोठलेले दिसले तर वाटेत वितळले होते, ते घेऊ नका. फ्रीझरमध्ये घरच्या सुरमईशेजारी ठेवायचे नाहीत. वेगळा बंद डबा, त्यावर नाव आणि शक्य असेल तर वेगळा छोटा फ्रीझर.

जिवंत उंदीर देऊ नये, हे मी अगदी ठाम सांगतो. पेटी ही छोटी, बंद जागा असते, तिथे उंदराला पळायला वाव नसतो. सापाला भूक नसेल तर घाबरलेला उंदीर त्याच्या पाठीचे लचके तोडतो, डोळा फोडतो. असा साप मेलेलाही मी पाहिलाय. वेढा घालत असतानाही उंदीर चावतो. आणि उंदराच्या बाजूनेही विचार करा, त्याला विनाकारण असं भेदरून मरायला लावणं बरोबर नाही. काही साप सुरुवातीला मेलेलं खात नाहीत, पण नीट गरम करून दिलं तर बहुतेक शिकतात.

ते गरम करणं कसं, ते सांगतो. आदल्या रात्री उंदीर झिप-लॉक पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पिशवी बंदच ठेवून, एका जुन्या बादलीत ४० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवायची. अंघोळीला घेतो तेवढं कोमट पाणी. उकळतं पाणी ओतलं तर पोटाची कातडी फुटते. मायक्रोवेव्ह तर कधीच वापरायचा नाही, बाहेरून शिजतं आणि आत बर्फ राहतो. शिजवलेली हाडं टोकदार होऊन आतडं फाडू शकतात. मग हातमोजा घालून पोट आणि मांडी अंगठ्याने दाबून बघा, मधे कुठे कडक गाठ लागली तर आत अजून बर्फ आहे, पुन्हा पाण्यात. शेवटी डोकं दोन मिनिटं जरा जास्त गरम होऊ द्या. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणवणाऱ्या खाचा असतात, भक्ष्याचं गरम डोकं त्याला अंधारातही सापडतं. कॉर्न स्नेकला अशा खाचा नसतात, तो जिभेने वास घेऊन ओळखतो, पण गरम उंदराचा वास जास्त सुटतो म्हणून त्यालाही हे उपयोगी.

देताना लांब चिमटा वापरायचा, निदान फूटभर लांबीचा. बोटांनी कधीही नाही. खोलीतला दिवा मंद, मांजर बाहेर, बघ्यांची गर्दी नको. उंदराला पाठीमागून कमरेशी धरून सापाच्या तोंडासमोर, वितभर अंतरावर, थोडासा हलवायचा. तोंडावर आदळायचा नाही. तो झेप घेतो, पकडतो आणि अंगाचे दोन-तीन वेढे घालतो. मेलेल्या उंदरालाही तो आवळतो, आणि बराच वेळ तसाच निश्चल राहतो. आपल्याला वाटतं काही बिघडलं. थांबा. मग वेढा सैल होतो, जिभेने तो उंदराचं डोकं शोधतो आणि तिथून गिळायला सुरुवात करतो, म्हणजे केस आणि पाय मागे दुमडत जातात. गिळताना तोंडात खालच्या बाजूला एक छोटी नळी पुढे आलेली दिसेल. ती त्याची श्वासनलिका, तोंड भरलेलं असताना तिच्यातून श्वास चालू राहतो. सगळं आत गेल्यावर तो दोन-चार मोठ्या जांभया देतो आणि ताणलेला जबडा पुन्हा नीट जुळवतो. यातल्या कुठल्याही क्षणी पेटीत हात घालू नका.

अर्ध्या तासात घेतलं नाही, तर उंदीर सपाट बशीत लपणाच्या तोंडाशी ठेवून खोली सोडा. पण आपल्याकडे रात्रभर ठेवणं चालत नाही. दमट हवेत दोन-तीन तासांत वास सुटतो आणि मुंग्या लागतात, आणि मुंग्या सापालाही चावतात. उरलेला उंदीर पिशवीत बांधून बाहेर. पुढचा प्रयत्न आठवड्याने, रोज नाही.

जेवल्यावर किमान ४८ तास सापाला उचलायचं नाही. पाहुणे आले, मुलांना दाखवायचंय, तरीही नाही. पोटावरचा फुगवटा उतरेपर्यंत थांबलात तर आणखी चांगलं. हाताळलं, दाब पडला, की तो जेवण उलटतो. असं झालं तर सगळं उचलून पेटी स्वच्छ करा, ताजं पाणी ठेवा आणि तापमान तपासा. भुकेला असेल म्हणून लगेच पुन्हा देऊ नका. उलटताना पोटातलं आम्लही गेलेलं असतं आणि अन्ननलिका पोळलेली असते. चौदा दिवस थांबून आधीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. लागोपाठ दुसऱ्यांदा उलटी झाली तर ते घरात सोडवण्याचं दुखणं राहिलेलं नाही.

स्वतःची काळजीही यातच आली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि उंदरांत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, गोठवल्याने ते मरत नाहीत. चिमटा, बादली, डबा वेगळा ठेवा, मोरीत धुवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. हात साबणाने धुवा. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, खूप वय झालेली माणसं यांना हे काम देऊ नका. पेटी उघडण्याआधीही हात धुवा, कारण हाताला उंदराचा वास असेल तर साप हातालाच भक्ष्य समजतो. चुकून चावला आणि सोडत नसेल तर ओढू नका. त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढल्याने तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात मोडतात. थंड पाण्याची धार धरा, सोडतो. मग जखम धुऊन डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. ही गोष्ट फक्त या बिनविषारी पाळीव सापांची. परसात, सड्यावर, गवतात कुठल्याही जनावराचं पान लागलं, म्हणजे साप चावला, तर ओळखत बसू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा.

शेवटी न खाणाऱ्या सापाबद्दल. बॉल पायथनचे नर थंडीच्या महिन्यांत महिनोन्महिने जेवण नाकारतात, त्यात आजार नसतो. फरक कळतो तो वजनावरून. महिन्यातून दोनदा छोट्या डब्यात ठेवून डिजिटल काट्यावर वजन घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. त्याच वहीत जेवणाची, काती टाकल्याची, शी केल्याची तारीख. वजन स्थिर असेल, साप जागरूक असेल, तर थांबायला हरकत नाही. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसली, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, पोटाखालचे खवले तपकिरी होऊन मऊ पडले, तर डॉक्टर गाठायचे. शेवटची दोन लक्षणं आपल्याकडे पावसाळ्यात जास्त दिसतात, कारण पेटीतला काथ्याचा भुसा ओला राहतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य आपल्या पट्ट्यात थोडे आहेत, म्हणून साप ठणठणीत असतानाच चौकशी करून नंबर घेऊन ठेवा. जाताना साप उशीच्या अभ्र्यात बांधून, तो हवा जाईल अशा डब्यात ठेवून न्या, ताजी विष्ठा मिळाली तर छोट्या डबीत घ्या आणि ती वही बरोबर असू द्या. डॉक्टर पहिला प्रश्न तापमानाचाच विचारतील.